रायडलच्या जुन्या पाटीच्या खाणीपर्यंत: अर्ध्या दिवसाची पायवाट

इंग्लंडच्या वायव्य भागात, कंब्रियामध्ये, अँबलसाइड आणि ग्रासमिअर या दोन गावांच्या दरम्यान रायडल नावाचे लहानसे खेडे आहे. खेड्याजवळच रायडल वॉटर हे तळे आहे, तळ्याच्या दक्षिणेला ३३५ मीटर उंचीचा लफ्रिग डोंगर आहे, आणि त्या डोंगराच्या तळ्याकडील उतारावर रायडलची गुहा म्हणून ओळखली जाणारी प्रचंड पोकळी आहे. नावात गुहा असली तरी ती निसर्गाने घडवलेली नाही. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी इथे पाटीच्या दगडाची, म्हणजे स्लेटची, खाण चालत होती आणि आसपासच्या गावांतल्या घरांची छपरे इथल्या दगडाने शाकारली जात. खाण बंद पडली आणि दगड काढून घेतल्यावर उरलेली जागा तशीच राहिली.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे उन्हाळ्यात आई-वडील येतात, आणि लेक डिस्ट्रिक्टसाठी, म्हणजे तळ्या-डोंगरांच्या या प्रदेशासाठी, एकच दिवस हाताशी असतो. बहुतेक वेळा तो दिवस विंडरमिअरच्या तळ्यात बोटीने फिरून, बोनेसच्या गर्दीत जेवून आणि वाहनतळावर जागा शोधण्यात संपतो. बोटीची फेरी वाईट नाही. परंतु १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या आणि २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या या प्रदेशाची खरी ओळख पायी चालल्याशिवाय होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रायडलच्या खाणीची वाट त्यासाठी सर्वांत योग्य आहे. ती लहान आहे, तिच्यात तळे, रान, डोंगर आणि माणसाने केलेले कष्ट हे सर्व एकत्र पाहायला मिळते, आणि साठी उलटलेल्या परंतु रोज फेरफटका मारणाऱ्या माणसाला ती सहज जमते. मात्र ती ज्या क्रमाने चालावी आणि तिथे जे पाहावे, ते आधी समजून घेतले तर तिचे मोल कितीतरी वाढते.

पोहोचावे कसे

लंडन, बर्मिंगहॅम किंवा मँचेस्टरहून रेल्वेने यायचे असल्यास ऑक्सनहोम या स्थानकावर गाडी बदलून विंडरमिअरपर्यंत यावे. विंडरमिअरला रेल्वे संपते. पुढे ग्रासमिअरपर्यंत लोहमार्ग कधीच गेला नाही. रायडलला राहणाऱ्या कवी विल्यम वर्ड्सवर्थने १८४४ मध्ये या लोहमार्गाला जाहीर विरोध केला होता. १८४७ मध्ये गाडी विंडरमिअरपर्यंत आलीच, परंतु तिथून पुढचा प्रवास आजही रस्त्यानेच करावा लागतो. विंडरमिअर स्थानकाच्या बाहेरूनच ५५५ क्रमांकाची बस मिळते. ती अँबलसाइडवरून रायडल, ग्रासमिअर आणि पुढे केझिककडे जाते. चालकाला रायडलचे चर्च असे सांगून उतरावे. हिवाळ्यात बसच्या फेऱ्या कमी असतात, म्हणून परतीच्या शेवटच्या बसची वेळ निघण्याच्या दिवशीच पाहून ठेवावी.

मोटारीने येणाऱ्यांसाठी दोन जागा आहेत. रायडलच्या थोडे अलीकडे, रॉथे नदीवरचा पेल्टर ब्रिज ओलांडल्यावर उजवीकडच्या गल्लीत एक लहान वाहनतळ आहे. तो गुहेला सर्वांत जवळचा, परंतु इतका लहान आहे की सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरून जातो. दुसरा, मोठा वाहनतळ रायडल आणि ग्रासमिअरच्या मध्ये व्हाइट मॉस इथे आहे. पेल्टर ब्रिजला जागा नसेल तर त्या अरुंद गल्लीत कडेला गाडी लावू नये. तिथे राहणाऱ्यांचा आणि शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरचा तोच एकमेव रस्ता आहे. सरळ व्हाइट मॉसला जावे आणि वाट उलट्या दिशेने चालावी. शक्य असल्यास मात्र बसनेच यावे, कारण बसने आल्यावर एका जागी उतरून दुसरीकडे चढता येते आणि सुरुवातीच्याच ठिकाणी परतण्याचे बंधन राहत नाही.

ऋतू आणि वेळ

या प्रदेशात पाऊस धो धो आणि वारंवार पडतो. इथून फार दूर नसलेल्या सीथवेट या वस्तीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, म्हणजे आपल्या कोकणाशी बरोबरी करणारा. फरक एवढाच की कोकणातला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि इथला बारा महिन्यांत वाटलेला असतो. त्यामुळे कोरड्या दिवसाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. रिमझिम पावसात ही वाट उलट अधिक देखणी असते, कारण ओला झालेला पाटीचा दगड आपला हिरवट रंग दाखवतो आणि कोरडा असताना तोच दगड नुसता राखाडी दिसतो. टाळायचा तो वादळी वाऱ्याचा, दाट धुक्याचा किंवा पाणी गोठलेल्या थंडीचा दिवस.

मार्चअखेर ते एप्रिलमध्ये रायडलच्या चर्चमागच्या डोराज फील्ड या उतारावर डॅफोडिलची पिवळी फुले असतात. वर्ड्सवर्थची मुलगी डोरा १८४७ मध्ये वारली, तिच्या आठवणीत ती लावलेली आहेत. शाळेत ज्या डॅफोडिलची कविता आपण शिकलो ती फुले मात्र इथली नव्हेत. ती त्याने १८०२ मध्ये अल्सवॉटर या दुसऱ्या तळ्याच्या काठी पाहिली होती. एप्रिलअखेर आणि मे महिन्यात रानात ब्लूबेलची निळी फुले येतात. ऑक्टोबरमध्ये डोंगरावरचे ब्रॅकन नावाचे नेचे तांबूस होते आणि संपूर्ण लफ्रिग गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा दिसू लागतो. एकच ऋतू निवडायचा असेल तर मी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडेन.

वेळेचे गणित उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात अगदी वेगळे असते. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही स्वच्छ उजेड असतो, तर डिसेंबरअखेर दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो, आणि गुहा उत्तरेकडच्या उतारावर असल्यामुळे तिथे सावली त्याहून लवकर पडते. हिवाळ्यात सकाळी दहापर्यंत चालायला सुरुवात करावी. उन्हाळ्यात उलट करावे: सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाचनंतर जावे, कारण भर दुपारी गुहेच्या तोंडाशी इतकी वर्दळ असते की काहीच नीट पाहता येत नाही.

पायात काय, अंगावर काय

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बूट. पाटीचा दगड ओला झाला की अतिशय निसरडा होतो, आणि गुहेजवळची पायवाट तर त्याच दगडाच्या सुट्या कपच्यांवरून जाते. तळाला खोल खाचा असलेले चालण्याचे बूट घालावेत. चपला, सँडल, गुळगुळीत तळाचे पांढरे शूज आणि नवे कोरे चामडी बूट घरीच ठेवावेत. आई किंवा सासूबाई साडीच नेसत असतील तर त्यांना या एका दिवसापुरती सलवार किंवा सैलसर विजार घालण्याचा आग्रह धरावा. वाटेत फाटके आहेत, पायऱ्या आहेत, चिखल आहे आणि निऱ्या सावरण्यात हात अडकून पडणे इथे धोक्याचे आहे. गुडघे दुखत असतील तर चालण्याची काठी न्यावी. चढताना तिची फारशी गरज भासत नाही, उतरताना मात्र ती गुडघ्यावरचा भार चांगलाच हलका करते.

पाऊस नसला तरी प्रत्येकाकडे पाणी न झिरपणारे जाकीट हवे. छत्रीचा डोंगरावरच्या वाऱ्यात उपयोग होत नाही. मे ते ऑक्टोबर या काळात नेच्यांमधून चालताना गोचीड चिकटण्याची शक्यता असते आणि त्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून पाय पूर्ण झाकलेले असावेत आणि घरी गेल्यावर मुलांची त्वचा, विशेषतः गुडघ्यांमागे व काखेत, तपासावी. डबा आणि पाणी बरोबर न्यावे, कारण गुहेपाशी काहीही विकत मिळत नाही. तिथे कचराकुंडीही नाही, तेव्हा संत्र्याच्या सालीसकट सर्व कचरा पिशवीत भरून परत आणावा. डोंगराआड मोबाइलला जोडणी मिळेलच असे नाही, म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा, आणि नकाशे वाचण्याची आवड असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा ओएल ७ हा कागदी नकाशा घ्यावा. या एका नकाशाने पुढचे अनेक शनिवार-रविवार सुखाचे होतात.

रायडलहून वर

बसने आलेल्यांनी चर्चच्या थांब्यावरून मुख्य रस्त्याने ग्रासमिअरच्या दिशेने थोडे चालावे. बॅजर बार या खानावळीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, एक पायवाट खाली नदीकडे उतरते आणि लाकडी पुलावरून रॉथे ओलांडते. ही नदी ग्रासमिअरच्या तळ्यातून निघून रायडल वॉटरमध्ये शिरते आणि तिथून पुढे विंडरमिअरला जाते; पुलावर क्षणभर थांबून खाली पाहिले तर पाण्याचा तळ स्वच्छ दिसतो. पुलानंतर थोडे रान लागते. मुळांवर पाय घसरतो, तेव्हा मुलांना इथे धावू देऊ नये. रान संपते तिथे फाटक आहे आणि फाटकापलीकडे एकदम संपूर्ण तळे समोर येते.

इथेच निर्णय घ्यायचा असतो. तळ्याच्या काठाने सपाट वाट सरळ पुढे जाते, आणि डावीकडे डोंगराच्या अंगाने दुसरी वाट चढते. जवळजवळ सर्वजण काठाच्या वाटेला लागतात, कारण ती सोपी दिसते. आपण चढाची वाट धरावी. जाताना वरून आणि परतताना खालून, असा क्रम ठेवला तर चढण ताज्या पायांनी होते, आणि वरून तळे दिसते तेव्हा त्याचा आकार, त्यातली झाडांनी भरलेली लहान बेटे आणि पलीकडचा नॅब स्कारचा उभा कडा हे सगळे एका नजरेत मावते. जाताना तळे सतत उजव्या हाताला राहिले पाहिजे, एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी वाट चुकत नाही.

पेल्टर ब्रिजहून निघालेल्यांची वाट याहून सोपी आहे. वाहनतळातून डांबरी गल्ली काही घरांच्या शेजारून चढत जाते, पुढे तिची खडकाळ गाडीवाट होते, आणि उघड्या डोंगरावर आल्यावर तिला दोन फाटे फुटतात: उजवीकडचा खाली तळ्याला, डावीकडचा वर गुहेला. कोणत्याही बाजूने आले तरी गुहा साधारण दीड किलोमीटरवर आहे आणि सगळी मिळून चढण शंभर मीटरच्या आसपास भरते. सिंहगडाशी तुलना केली तर ही त्याच्या पहिल्या टप्प्याएवढीही नाही. रमतगमत चालले तरी पाऊण तासात माणूस पोहोचतो.

वाटेत हर्डविक जातीच्या मेंढ्या हमखास भेटतात. त्यांची कोकरे जन्मतः काळी असतात आणि वय वाढेल तसतशी लोकर राखाडी होत जाते. तोंड मात्र पांढरे. या डोंगरांवर त्या शतकानुशतके चरत आल्या आहेत आणि इथला उघडाबोडका, गवताळ डोंगर बऱ्याच अंशी त्यांच्याच चरण्याने तसा राहिला आहे. त्यांना काही खाऊ घालू नये, जवळ जाऊन फोटो काढण्यासाठी पिटाळू नये, आणि बरोबर कुत्रा असेल तर तो साखळीनेच धरावा. वसंतात मेंढ्या गाभण असतात किंवा कोकरे लहान असतात, तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यावी. फाटके जशी सापडली तशीच सोडावीत: बंद असेल तर बंद करून पुढे जावे, मुद्दाम उघडे ठेवलेले असेल तर उघडेच राहू द्यावे.

गुहेच्या तोंडाशी

खाण जवळ आल्याची पहिली खूण गुहा नव्हे, तर दगडांचे ढीग आहेत. वाटेच्या दोन्ही बाजूंना पातळ, करड्या-हिरव्या कपच्यांचे उतार दिसू लागतात. पाटीच्या खाणीत खणलेल्या दगडातला मोठा भाग छपराच्या कामाचा नसतो. तडे गेलेला, वाकडा फुटणारा, जाड राहणारा असा सगळा दगड तिथेच टाकला जाई. हे ढीग म्हणजे त्या कामगारांच्या वाया गेलेल्या कष्टांचा साठा आहे आणि त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय गुहेचा अर्थ नीट लागत नाही. आधी एक लहान खोदकाम लागते. पुष्कळजण तीच गुहा समजून परत फिरतात. तिथून आणखी वर चढल्यावर डोंगराच्या अंगात उघडलेले रुंद आणि उंच तोंड दिसते. तीच मोठी गुहा.

तोंडाशी उथळ पाण्याचे डबके आहे. छतातून आणि भिंतींतून पाझरणारे पाणी तिथे साठते. पाण्यात पाय टाकण्यासाठी दगड मांडलेले आहेत आणि त्यांवरून आतल्या कोरड्या भागात जाता येते. घाई न करता डबक्याच्या काठावर उकिडवे बसावे आणि पाण्यावर आपली सावली पडू न देता थोडा वेळ स्थिर राहावे. बोटभर लांबीचे मासे काठाजवळच्या उथळ पाण्यात दिसू लागतात. पाण्यात नाणी, पाव किंवा बिस्किटे टाकू नयेत. बाहेर वाहून जाणारे पाणी इथे फारसे नाही, टाकलेले सर्व तिथेच कुजते.

आत जायचे की नाही, हा प्रश्न मी गांभीर्याने घेतो. ही सोडून दिलेली खाण आहे. तिच्या छताला कोणी आधार दिलेला नाही, आणि पाणी भेगांत शिरून गोठले व वितळले की दगड सैल होतात. निखळलेले तुकडे जमिनीवर पडलेले दिसतात. त्या दिवशी तिथे जी सूचना लावलेली असेल ती अक्षरशः पाळावी, आणि कुंपण किंवा अडथळा असेल तर तो ओलांडू नये. मोकळी असली तरी लहान मुलांना आणि पायांचा भरवसा नसलेल्यांना पाण्यातल्या दगडांवरून नेण्याचा अट्टहास करू नये. तोंडाशी उभे राहूनही गुहेचा बहुतेक भाग दिसतो. ओरडून प्रतिध्वनी ऐकण्याचा मोह मुलांना होतो. इतरांच्या शांततेसाठी तो आवरावा. आत गेलेल्यांनी एक गोष्ट आठवणीने करावी: मागे वळून बाहेर पाहावे. अंधाऱ्या छताखालून समोरचा डोंगर पाहताना प्रकाशातला फरक डोळ्यांना जाणवतो, आणि छायाचित्र काढायचे असेल तर फोनच्या पडद्यावर बाहेरच्या उजेडावर बोट ठेवून तो नीट दिसेल असे करावे. गुहा काळी राहिली तरी चालते, तिची किनार आपोआप उठून दिसते.

दगड कसा पाहावा

या वाटेवर येणारे बहुतेक लोक गुहेत पाच मिनिटे थांबतात, फोटो काढतात आणि निघतात. मी मात्र इथे किमान अर्धा तास ठेवावा असे आवर्जून सुचवीन, कारण पाहण्यासारखे सर्वांत जास्त भिंतींत आहे.

आपल्या सह्याद्रीप्रमाणे लेक डिस्ट्रिक्टच्या या मधल्या पट्ट्यातला खडकही ज्वालामुखीचा आहे. मात्र सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, तर इथला दगड सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि तो मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेपासून झाला. ती राख पाण्यात थर धरून बसली. पुढे कोट्यवधी वर्षांनी भूखंड एकमेकांवर रेटले गेले तेव्हा त्या दाबाने खडकातली सूक्ष्म खनिजे एका दिशेने आडवी झाली, आणि त्या दिशेने दगडाला सहज फुटण्याचा गुण आला. बेसाल्ट असा फुटत नाही. म्हणूनच आपल्याकडे घराच्या भिंती दगडाच्या झाल्या, परंतु छपरावर मातीची कौले चढली.

जमिनीवर पडलेली एखादी कपची उचलावी, पाण्याने ओली करावी आणि तिची कड उजेडाकडे धरावी. कडेला ती वहीच्या पानांसारखी पातळ पातळ सुटताना दिसते. ती दाबाने आलेली फुटण्याची दिशा. आता तिची सपाट बाजू पाहावी. नशीब असेल तर तिच्यावरून फिकट व गडद पट्टे गेलेले दिसतात. ते मूळचे राखेचे थर आहेत: जाड कण, बारीक कण, पुन्हा जाड कण. थर एका दिशेने आणि फूट दुसऱ्याच दिशेने, हे एकाच कपचीत हातात घेऊन पाहता येणे हा मोठा आनंद आहे. पाहून झाल्यावर कपची जिथली तिथे ठेवावी. घरी नेऊ नये, आणि दगडावर दगड रचून मनोरेही उभारू नयेत.

खाणकाम कसे चालत असे, हेही भिंतींवरून समजते. चांगल्या दगडाची शीर डोंगरात तिरकी शिरलेली असते आणि तिच्यावर निरुपयोगी खडकाचा मोठा भार असतो. वरचा सगळा डोंगर उचलण्यापेक्षा शिरेचा माग काढत आत खोदणे कमी खर्चाचे, म्हणून अशा बंदिस्त पोकळ्या तयार झाल्या. सुटलेले मोठे ठोकळे बाहेर आणून हातोडा आणि पातळ छिन्नीने फोडले जात, मग कडा छाटून छपरासाठी तुकडे तयार होत. फोडण्याच्या कामाला सर्वांत तयार हात लागे: छिन्नी कुठे लावायची हे दगडाची कड पाहूनच ठरवावे लागे, आणि घाव चुकला तर तुकडा कपच्यांच्या ढिगात जाई.

वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहिलेल्या माणसाच्या मनात इथे तुलना येणे स्वाभाविक आहे. तिथे कारागिराला हवी होती ती पोकळी, आणि निघालेला दगड दुय्यम होता. रायडलला नेमके उलटे घडले. म्हणूनच या गुहेत एकही खांब कोरलेला नाही, भिंत कुठेही तासून सारखी केलेली नाही. जिथे चांगला दगड संपला तिथे काम थांबले. गुहेचा आकार कोणी ठरवलेला नाही, तो दगडाच्या शिरेने ठरवलेला आहे.

परतीची वाट

आल्या वाटेने परतणे सर्वांत सोपे, आणि ज्येष्ठ मंडळी थकली असतील तर तेच करावे. तेवढे चालूनही दिवस सार्थकी लागतो. मात्र पायांत जोर असेल तर गुहेवरून पश्चिमेकडे, म्हणजे ग्रासमिअरच्या दिशेने, वाट पुढे धरावी. ती डोंगराच्या अंगाने जाते आणि थोड्याच वेळात लफ्रिग टेरेस या प्रसिद्ध आडव्या वाटेच्या तोंडाशी येते. टेरेसवर थोडे पुढे जाऊन ग्रासमिअरचे तळे आणि त्यामागचे डोंगर पाहून परत यावे, आणि मग उत्तरेकडे उतरून व्हाइट मॉसच्या रानातून नदी ओलांडावी. नदीच्या पलीकडे मुख्य रस्ता आहे. त्यावर वाहने वेगाने येतात आणि वळणांमुळे दूरचे दिसत नाही; मुलांचा हात धरूनच तो ओलांडावा.

रस्त्याच्या पलीकडे थोडे चढल्यावर रायडलकडे जाणारी जुनी शववाट लागते. अँबलसाइड-रायडलकडच्या लोकांना पूर्वी मृतांचे दफन करण्यासाठी ग्रासमिअरच्या सेंट ऑस्वल्ड चर्चपर्यंत जावे लागे, आणि शवपेटी खांद्यावरून याच वाटेने नेली जाई. खांदेकऱ्यांना विसावा घेता यावा म्हणून पेटी टेकवण्याचा सपाट दगडही वाटेवर आहे. वाट खडकाळ आहे, पावसाळी दिवसांत तिच्यावरून पाणी वाहते, परंतु चढउतार मवाळ आहेत. ही वाट रायडल माउंट या घरापाशी उतरते. वर्ड्सवर्थ इथे १८१३ पासून १८५० मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला. घर आतून पाहण्याची इच्छा असल्यास ते खुले आहे का, हे आधी तपासावे. गुहेसह हा संपूर्ण फेरा पाच ते सहा किलोमीटरचा आहे आणि थांबत थांबत चालल्यास त्याला तीन तास लागतात.

रायडलला उतरल्यावर एक गोष्ट करायची राहते, आणि मला ती गुहेइतकीच महत्त्वाची वाटते. जुन्या घरांची छपरे पाहावीत. वळचणीला मोठ्या पाट्या असतात आणि आढ्याकडे जाताना प्रत्येक ओळ लहान होत जाते. खाणीतून निघणारा दगड एकाच मापाचा नसे. मोठे तुकडे खाली, जिथे सर्वांत जास्त पाणी येते तिथे, आणि लहान तुकडे वर लावून सगळा उपयोगात आणला जाई. नुकताच हातात धरलेला हिरवट दगड आता पाऊस झेलताना दिसतो.

कोणाला दुखापत झाली तर ९९९ किंवा ११२ ला फोन करून पोलिसांकडे डोंगरी बचाव पथकाची मागणी करावी. फोनवर बोलता येण्याइतकी जोडणी नसेल तर संदेश पाठवूनही मदत मागता येते, परंतु त्यासाठी आपला ब्रिटिश क्रमांक आधी नोंदवलेला असावा लागतो. ९९९ या क्रमांकाला इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा संदेश पाठवून ही नोंदणी घरूनच करून ठेवावी. ही पथके स्वयंसेवकांची असतात आणि मदतीचे पैसे घेत नाहीत. घसरून पडलेल्या माणसाला ओल्या दगडावर बसवून न ठेवता त्याच्याखाली पिशवी किंवा जाकीट घालावे, कारण इथल्या थंडीत शरीर फार लवकर गार पडते. चालताना कोणी अडखळू लागले किंवा अंधार पडू लागला तर टेरेसचा आणि शववाटेचा बेत सोडून द्यावा आणि तळ्याकाठच्या सपाट वाटेने रायडलला यावे. व्हाइट मॉसजवळ असाल तर तिथूनही ५५५ क्रमांकाची बस मिळते. अँबलसाइडकडे जाणारी बस हवी असल्यास थांबा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहून घ्यावे, आणि बस येताना दिसली की हात दाखवावा.